युद्धाची कारणे लिहा

इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न ठरलेला असतो. लढाई कोणतीही असो, प्रश्न एकच : ‘युद्धाची कारणे लिहा.’ बहुधा त्याला पाच गुण असतात, आणि गुण पाच म्हणून कारणेही पाच. चार लिहिली तर एक गुण जातो. सहा लिहिली तर सहाव्याचे काही मिळत नाही. ज्या प्रश्नापायी मोठमोठ्या इतिहासकारांनी उभी हयात घालविली, तो आमची मुले सात-आठ मिनिटांत निकालात काढतात आणि पुढच्या ‘जोड्या लावा’कडे वळतात.

ही उत्तरे मी गेली वीस वर्षे तपासतो आहे. त्यांत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मुलांच्या उत्तरांतली कारणे एकमेकांशी कधी भांडत नाहीत. पहिले राजकीय, दुसरे आर्थिक, तिसरे धार्मिक, चौथे सामाजिक आणि पाचवे तात्कालिक, अशी ती प्रार्थनेच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलांसारखी शहाण्यासारखी उभी असतात. वहीबाहेरच्या जगात मात्र हीच कारणे एकमेकांची मानगूट धरतात. एक कारण खरे मानणारा मनुष्य दुसरे कारण सांगणाऱ्याला भाबडा तरी ठरवितो, नाही तर देशाचा वैरी तरी.

हे भांडण ऐकायला मला लांब जावे लागत नाही. मी राहतो बदलापुरास, शिकवितो अंबरनाथला, आणि लग्नकार्याचे कापडचोपड असो की घरातले एखादे कपाट असो, खरेदी उल्हासनगरला करतो. कल्याणहून कर्जतकडे निघालेली गाडी विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी एकामागून एक स्टेशने घेत जाते, आणि या पट्ट्याचा लढाईशी असलेला संबंध जुना आहे. उल्हासनगर हे गावच मुळी लढाईच्या पोटी जन्मले. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी कल्याणजवळ सैन्याची छावणी उभारली. आघाडीवर जाणारे शिपाई तेथे मुक्कामाला असत. युद्ध संपले, बरॅकी रिकाम्या झाल्या, आणि १९४७ साली फाळणी होऊन त्याच बरॅकींत सिंधमधून आलेली माणसे, लाखाच्या घरात, उतरविण्यात आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची कोनशिला बसली आणि तिला उल्हास नदीवरून नाव मिळाले. तरी लोकांच्या तोंडची छावणी गेली नाही. आजही तेथे पत्ता सांगायचा तो ‘कॅम्प नंबर तीन’ किंवा ‘कॅम्प नंबर पाच’ असाच.

अंबरनाथला शके ९८२ चे, म्हणजे इसवी सन १०६० चे शिलाहारांचे शिवमंदिर आहे, आणि स्वातंत्र्यानंतर आलेले संरक्षण खात्याचे कारखानेही आहेत. ज्या गावात एके काळी विम्कोच्या आगपेट्या होत, त्याच गावात सैन्याला लागणारे धातूकामही होऊ लागले. २०२१ च्या ऑक्टोबरात देशातल्या ४१ आयुध निर्माणींच्या सात सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हा येथल्या कारखान्यांच्या पाट्याही बदलल्या. आमच्या बदलापुराचे नाव तर, जुनी मंडळी सांगतात, घोडी बदलण्यावरून पडले. दूरच्या मजला मारणारे स्वार येथे थकलेले घोडे सोडून ताजे घेत. याला पुरावा किती आहे ते विद्वानांनी पाहावे. पण गावाला ही गोष्ट आवडते एवढे खरे. तात्पर्य, एका गावाने लढाईला जाणाऱ्यांना छप्पर दिले, एकाने साहित्य दिले आणि एकाने घोडे दिले. लढाई का होते याविषयी अशा मुलखातल्या माणसांना काही मते असली तर नवल नाही.

२०२५ च्या एप्रिलात पहलगामला २६ माणसे मारली गेली. त्यांत आमच्या शेजारच्या डोंबिवलीचे तिघे होते. ७ मे रोजी भारताने सीमेपलीकडच्या ठिकाणांवर हल्ले केले आणि १० मे रोजी दोन्ही बाजूंचा मारा थांबला. त्या दिवसांत आमच्या गाडीत दुसरा विषय नव्हता. एरवी सीटवरून भांडणारी माणसे कारणांवरून भांडू लागली. मी खिडकीशी बसून ऐकत होतो. चार मते मला विशेष वाटली. ती माणसांची नावे न सांगता येथे मांडतो.

एक होते कारखान्यातून निवृत्त झालेले टर्नर, ज्यांना सारा डबा काका म्हणतो. कोणी तरुणाने त्यांना डिवचले, “काका, तुमच्यासारख्यांचा धंदा चालावा म्हणून लढाया होतात.” काका चिडले नाहीत. म्हणाले, “अरे, मी तीस वर्षे लेथवर उभा होतो. लढाईच्या वर्षी काम असते तसे शांततेच्या वर्षीही असते. पगार दोन्ही वर्षी तोच. लढाईने ज्याचा खिसा भरतो तो दुसरा कोणी असेल. तो या गाडीने जात नाही.” डब्यात हशा पिकला. पण काकांनी शस्त्रांच्या व्यापाराचे म्हणणे खोडून काढले नव्हते; फक्त आपल्या अंगावरचे दुसरीकडे सरकविले होते.

दुसरा तो तरुणच. कॉलेजात शिकणारा, हातात मोबाइल. त्याचे मत एका शब्दाचे : निवडणूक. जगातली कोणतीही लढाई घ्या, तिच्या मागेपुढे मतदान असते असे तो म्हणे, आणि बोटाच्या एका फटकाऱ्याने दाखले काढून दाखवी.

तिसरे उल्हासनगरचे एक कापडवाले सिंधी दादा. त्यांचा जन्म बरॅकीतला. आईवडील सिंधमधून आलेले. ते मराठी बोलतात ते आपल्या धाटणीने, पण विचार नेटका मांडतात. ते म्हणाले, “सगळ्या लढाया जमिनीच्या. पण मास्तरसाहेब, एक ध्यानात घ्या. पंजाब कापला गेला, बंगाल कापला गेला. सिंध कापलासुद्धा नाही, अख्खा गेला. आमच्यासाठी कोणी फौज पाठविली नाही. लढाई न होताच आमचे घर गेले. तेव्हा लढाई झाली नाही म्हणजे सगळे सुखरूप, असे कोणी मला सांगू नये.”

चौथे बदलापूरच्या पलीकडच्या एका खेड्यातले, सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. ते बराच वेळ गप्प होते. सगळ्यांनी आग्रह केला तेव्हा एवढेच म्हणाले, “कारण वर असते. आमच्यापर्यंत येतो तो हुकूम.” आणि बदलापूर आले तसे पिशवी उचलून उतरले.

त्या मे महिन्यातल्या लढाईचा निवाडा करायला मी बसलेलो नाही. तिचे कागद अजून कपाटांत आहेत आणि जखमाही ओल्या आहेत. पण ही चार मते पारखायची कशी, हा प्रश्न मला सोडीना. मग मी आपल्या मराठी मुलखाला जवळची, निवून गेलेली आणि जिची पुष्कळशी कागदपत्रे आता उघडी आहेत अशी एक लढाई घेतली : डिसेंबर १९६१ ची गोव्याची. माझे वडील तेव्हा शाळेत होते. गोवा मिळाला म्हणून शाळेला सुट्टी मिळाली, एवढेच त्यांना आठवे.

हकीकत थोडक्यात अशी. १५१० साली आफोन्सो द आल्बुकर्कने गोवा जिंकला. भारत १९४७ साली स्वतंत्र झाला तरी गोवा, दमण, दीव पोर्तुगालकडेच राहिले. १९५१ साली पोर्तुगालने आपली राज्यघटना बदलून, या आमच्या वसाहती नसून सागरापलीकडचे आमचे प्रांत आहेत, असे ठरविले. त्याआधीच, १८ जून १९४६ रोजी, राममनोहर लोहियांनी मडगावला सभाबंदी मोडली होती. १९५४ साली दादरा आणि नगरहवेली स्वयंसेवकांनी मुक्त केली. त्यांत आपले सुधीर फडके होते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले, त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि वीसहून अधिक माणसे मेली. नानासाहेब गोरे आणि इतर कित्येक जण पोर्तुगीजांच्या तुरुंगात राहिले. शेवटी १७-१८ डिसेंबर १९६१ च्या मध्यरात्री भारतीय सैन्य निघाले, आणि १९ तारखेच्या संध्याकाळी गव्हर्नर-जनरल व्हासालो इ सिल्व्हा याने शरणपत्रावर सही केली. शेवटच्या माणसापर्यंत लढा, असा सालाझारचा त्याला हुकूम होता. तो त्याने मानला नाही आणि त्याची शिक्षा मायदेशी भोगली. आपले २२ जण कामी आले. त्यांतले सात नौसैनिक अंजदीव बेटावर पडले. पोर्तुगीजांकडचीही सुमारे तितकीच माणसे गेली.

आता कारणे. पहिले, जे आपल्या पाठ्यपुस्तकात आहे : परकी सत्ता हा अन्याय होता म्हणून. हे खरेच आहे. पण अन्याय साडेचारशे वर्षांचा होता आणि स्वतंत्र भारतही १४ वर्षांचा झाला होता. मग नेमका डिसेंबर १९६१ का? अन्याय हे कारण लढाई योग्य होती की नाही ते सांगते. तारीख सांगत नाही.

दुसरे तात्कालिक. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी अंजदीवजवळून जाणाऱ्या ‘साबरमती’ या उतारू बोटीवर बेटावरून गोळ्या सुटल्या. त्याने देश खवळला. पण १९५५ च्या गोळीबारात याहून किती तरी अधिक रक्त सांडले होते आणि तेव्हा सैन्य गेले नव्हते. मोठ्या घटनेने जे झाले नाही ते लहानीने कसे झाले? याचा अर्थ, मधल्या सहा वर्षांत दुसरे काही बदलले होते.

काय बदलले होते? जग बदलले होते. डिसेंबर १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वसाहती संपविण्याचा ठराव केला. १९६१ च्या आरंभी अंगोलात पोर्तुगालविरुद्ध उठाव झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात दिल्लीला पोर्तुगीज वसाहतींविषयी परिसंवाद भरला, तेव्हा आफ्रिकेतल्या पुढाऱ्यांनी नेहरूंना जवळजवळ तोंडावर विचारले की, भारत थांबून का राहिला आहे? हे तिसरे कारण : जगातली पत.

चौथे त्या तरुणाचे. १९६२ च्या फेब्रुवारीत सार्वत्रिक निवडणूक होती. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन उत्तर मुंबईतून उभे होते आणि त्यांच्यासमोर आचार्य कृपलानी होते. कृपलानी मूळचे सिंध-हैदराबादचे, म्हणजे उल्हासनगरच्या मंडळींचे गाववाले. गोव्याची लढाई मेनन यांच्या मतपेटीसाठी झाली, असे तेव्हा परदेशी वर्तमानपत्रांनी लिहिले आणि आपल्याकडेही कुजबुज झाली. मेनन निवडून आले, कृपलानींच्या जवळजवळ दुप्पट मते घेऊन. तरुणाला हा दाखला दिला असता तर तो खूश झाला असता. पण मी त्याला पुढचेही विचारले असते. मेनन १९५७ साली त्याच मतदारसंघातून निवडून आले होते, तेव्हा गोव्याची लढाई कुठे होती? आणि गोव्यासाठी सर्वांत मोठ्याने ओरडत होते कोण? समाजवादी, कम्युनिस्ट, जनसंघ : सगळे विरोधी पक्ष. निवडणुकीमुळे तारीख पुढेमागे झाली असेल. पण लढाईने मते मिळतात असे म्हणणाऱ्याने हेही मान्य केले पाहिजे की लोकांना ती लढाई हवी होती. मग प्रश्न मंत्र्यावरून निघून तुमच्या-माझ्यावर येतो : लोकांना ती का हवी होती?

महाराष्ट्रातल्या पुष्कळांना ती हवी होती, त्यात आमचा मराठी लोकांचा एक मनसुबाही होता, हे आज मोकळेपणी म्हणायला हरकत नाही. गोवा मुक्त झाला की तो महाराष्ट्रात येईल असे आम्ही धरून चाललो होतो. १६ जानेवारी १९६७ रोजी गोवेकरांचा कौल घेतला तेव्हा १,३८,१७० मते विलीनीकरणाच्या बाजूने आणि १,७२,१९१ विरुद्ध पडली. गोवा वेगळा राहिला आणि ३० मे १९८७ रोजी त्याचे राज्य झाले. सैन्य ज्या कारणासाठी गेले आणि ते गेले म्हणून आम्ही ज्या कारणाने आनंदलो ती दोन्ही सारखी नव्हती.

पाचवे मत विरोधकांचे. सुरक्षा समितीत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आदी सात राष्ट्रांनी युद्धबंदी करून भारताने सैन्य मागे घ्यावे या ठरावाला मत दिले. चार विरुद्ध पडली, त्यांत सोव्हिएत रशियाचे मत नकाराधिकाराचे असल्याने ठराव पडला. या राष्ट्रांना आपण स्वार्थी म्हणून मोकळे होतो, आणि ती होतीही. पोर्तुगाल हा नाटोतला त्यांचा सोबती. पण घरचा एक आवाज असा होता की त्याला स्वार्थी म्हणता येईना. ज्या राजाजींनी उल्हासनगरची कोनशिला बसविली, त्यांनीच लिहिले की या कृत्याने, बळाच्या वापराविरुद्ध बोलण्याचा भारताचा नैतिक अधिकार गेला. त्यांचे म्हणणे तेव्हा फारच थोड्यांना पटले. मला स्वतःला गोव्याची लढाई न्याय्य वाटते. तरी राजाजींचे वाक्य मी पुसून टाकीत नाही, कारण त्यांनी ‘का गेलात’ हे विचारले नव्हते. ‘गेल्यावर तुमच्याजवळ काय उरले’ हे विचारले होते.

येथे मला वाटते भांडणाची गाठ थोडी सुटते. माणसे एकाच प्रश्नाची निरनिराळी उत्तरे देत नसतात. निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात आणि प्रश्न एकच आहे असे समजून भांडतात. तक्रार काय होती, हा एक प्रश्न. आजच का, हा दुसरा. हे करता येईल असा धीर कशाने आला, हा तिसरा. लोकांनी का उचलून धरले, हा चौथा. आणि फायदा कोणाचा झाला, हा पाचवा. तरुण दुसऱ्याचे उत्तर देत होता, सिंधी दादा पहिल्याचे, काका पाचव्याचे. चौथ्याचे उत्तर द्यायला सहसा कोणी पुढे येत नाही, कारण ते आरशात पाहून द्यावे लागते.

आपल्या मुलखातली याहून जुनी लढाई घ्या. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई. कारण काय? देवळे पाडली, लोकांना धर्मावरून छळले, हे एक. अंजूरच्या गंगाजी नाईकांसारख्यांनी पुण्याकडे वर्षानुवर्षे गाऱ्हाणी नेली, हे दुसरे. साष्टीचा वसूल, बंदरे आणि खाड्यांवरचा ताबा, हे तिसरे. आमची मुले यातले पहिले लिहितात. एखादा संशोधक तिसऱ्यावर जोर देतो. पण गंगाजी नाईकांचे गाऱ्हाणे खोटे नव्हते म्हणून पेशव्यांना वसुलाची गोडी नव्हती असे होत नाही. आणि वसुलाची गोडी होती म्हणून गाऱ्हाणे खोटे ठरत नाही.

ग्रीसमध्ये, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात, थ्युसिडिडीझ या इतिहासकाराने अथेन्स-स्पार्टाच्या युद्धाविषयी लिहिताना, बोलून दाखविलेली कारणे वेगळी आणि खरे कारण वेगळे, असा भेद केला. खरे कारण त्याच्या मते भीती : अथेन्स वाढत चालल्याची स्पार्टाला वाटलेली भीती. त्याच्यापुढे हात जोडावेत असाच तो ग्रंथकार. पण आपल्या व्यासांनी उद्योगपर्वात जे दाखविले ते माझ्यासारख्या मॅट्रिकवर थांबलेल्या माणसाला अधिक जवळचे वाटते. पाच गावांवर मिटणारे भांडण सुईच्या अग्राएवढ्या मातीवरून पेटले, हे वरचे कारण. आत पाहावे तर कुरुक्षेत्रावर उभ्या असलेल्या प्रत्येकाचे कारण निराळे. दुर्योधनाला राज्य सोडवेना. भीमाला सभेतली शपथ पुरी करायची होती. कर्ण मैत्रीला बांधलेला, भीष्म आणि द्रोण खाल्ल्या अन्नाला. शल्य तर मदत करायला निघाला एकाला आणि वाटेतल्या पाहुणचाराने जाऊन बसला दुसऱ्याकडे. या सगळ्यांची मिळून एक लढाई झाली.

देश लढाईला जातो असे आपण म्हणतो, तेव्हा देश हा जणू एक मनुष्य आहे आणि त्याच्या मनात एक कारण आहे असे धरतो. तसे नसते. सकाळच्या गाडीत कोणी कचेरीला निघालेला असतो, कोणी दवाखान्याला, कोणी कोर्टाला, कोणी नुसताच भावाकडे. गाडी मात्र सगळ्यांना घेऊन एकाच दिशेने जाते. लढाईचेही असेच आहे. कोणी रागाने चढतो, कोणी भीतीने, कोणी लाभासाठी, कोणी शरमेने, आणि हवालदारांसारखा एखादा हुकुमाने. म्हणून ‘खरे कारण एकच’ असे ठासून सांगणाऱ्यापासून मी थोडा दूर बसतो, मग ते कारण कितीही उदात्त असो किंवा कितीही हलके असो.

पण याचा अर्थ, सगळेच जबाबदार म्हणून कोणीच जबाबदार नाही, असा कोणी काढील तर तो मला मान्य नाही. गाडीत माणसे कितीही कारणांनी बसोत, ती सुटते कोणीतरी हिरवा दिवा दाखविल्यावर. दिवा दाखविणाऱ्याला गर्दीच्या आड लपता येऊ नये. १९६२ च्या शरद ऋतूत चीनशी लढाई झाली, ती आपण हरलो, मेनन यांना जावे लागले आणि यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण ती लढाई का झाली यावर आजही दोन पक्ष आहेत : चीनने विश्वासघात केला म्हणणारा एक, आणि आपण पुढे सरकत गेलो त्याचाही त्यात वाटा होता म्हणणारा दुसरा. दुसऱ्या पक्षाचे नेव्हिल मॅक्सवेल यांचे पुस्तक १९७० साली आले. पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रूक्स-भगत अहवाल १९६३ सालीच सरकारकडे गेला. सरकारने तो काही प्रसिद्ध केला नाही. त्याचा काही भाग २०१४ साली मॅक्सवेल यांनीच बाहेर काढला. मला यातली एक गोष्ट खटकते. जे तेव्हा बर्फात उभे होते त्यांतले बहुतेक, कारण न वाचताच गेले.

हे सगळे मी कशासाठी लिहितो आहे ते आता सांगतो. माझा एक जुना विद्यार्थी अग्निवीर म्हणून भरती झाला. चार वर्षांची नोकरी. २०२२ साली ही योजना आली तेव्हापासून आमच्याकडची कित्येक मुले पहाटे मैदानावर धावताना दिसतात. हा मुलगा वर्गात फारसा चमकलेला नव्हता. किल्ले करण्यात मात्र पटाईत. दिवाळीत चाळीच्या दारात त्याचा मातीचा किल्ला सगळ्यांत उंच असे; अळिवाची हिरवळ, वर सिंहासनावर महाराज आणि पायऱ्यापायऱ्यांवर मावळे.

त्याची आई उल्हासनगरला जीन्स शिवण्याच्या कामावर जाते. त्या मे महिन्यात, रात्रीच्या बातम्या चालू असताना, ती आमच्याकडे आली. खुर्चीवर टेकली आणि म्हणाली, “सर, तुम्ही पोरांना पाच कारणं लिहायला लावता. माझ्या पोराला पुढं पाठवतील, तेव्हा त्यातलं कुठलं असंल?”

मी तिला म्हटले, “ताई, बसा, पाणी घ्या.” वेळ काढण्यासाठीच म्हटले. मग मला जे सुचले ते मी तिला सांगितले. म्हटले, त्याचे स्वतःचे कारण त्याच्याजवळ आहे. नोकरी, वर्दी, तुमचा हातभार, आणि लहानपणापासूनची हौस. त्यात कमीपणा काही नाही. पाठविणाऱ्यांचे कारण वेगळे असेल आणि ते आपल्याला पुरते कधी कळणार नाही. पण पाठविणाऱ्याने कारण सांगितले तर ते असे हवे की तुमच्यासमोर या खुर्चीवर बसून, तुमच्या भाषेत, तुमच्या डोळ्यांत पाहून त्याला सांगता यावे. मुलगा जाण्याआधी सांगता यावे. आणि तो परत आल्यावर किंवा न आल्यावर ते बदलता येऊ नये. एवढे मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. तो मागणे म्हणजे देशाशी वाकडे होणे नव्हे.

ती ऐकून थोडा वेळ बसली. मग म्हणाली, “मागायचं कुणाकडं, सर?”

मी म्हटले, “आमच्याकडे. आम्हा सगळ्यांकडे. आम्ही गाडीत बसून बोलतो ना, त्यांच्याकडे. आम्ही विचारले तर वरचे सांगतील. आम्ही नुसत्या टाळ्या दिल्या, नाही तर नुसती नाके मुरडली, तर त्यांना सांगण्याची गरजच पडणार नाही.”

तिला हे पटले की नाही ते मला कळले नाही. तिने पदराने कपाळ पुसले, उद्या पहाटेची पाळी आहे म्हणाली आणि उठली. दारात चपला घालताना तिने एवढेच सांगितले की, रविवारी त्याचा फोन येतो, तो बरा आहे, जेवण चांगले मिळते. मुलगा अजून प्रशिक्षणातच होता. तो कुठेही पाठविला गेला नव्हता. यंदाच्या दिवाळीत त्याला रजा मिळाली तर तो येईल. धाकट्या भावाने किल्ल्याची माती आणून ठेवली आहे.